वाढत्या मापाचे आयर्न्स

लहानपणी आमच्या घरात कुठलीच गोष्ट मापाची आली नाही. शर्ट वाढत्या मापाचा, चड्डी वाढत्या मापाची, सायकल तर अशी की दोन वर्षं नळीखालून पाय घालून हाफ पॅडलच मारलं. पाचवीत घेतलेल्या बुटांत पुढे कापूस कोंबायचा आणि सातवीत तो काढायचा. तोवर बुटाचा तळ गेलेला असायचा, ती गोष्ट वेगळी!

हे सगळं पुन्हा आठवलं ते गोल्फमुळे. हसू नका. कोल्हापूरच्या पोराने गोल्फ खेळावं हे मलाही अजून नीट पचलेलं नाहीये. पण नॉर्थ कॅरोलिनात, राली शहराजवळ नोकरी करायची म्हणजे गोल्फ टाळणं अवघड. आमचा डायरेक्टर आणि आणखी तिघे दर शुक्रवारी दुपारी खेळायला जातात. एकदा त्यांचा चौथा गडी आजारी पडला आणि मी कॉफी मशीनपाशी उभा सापडलो. झालं. उसन्या काठ्यांनी अठरा होल खेळलो, डझनभर चेंडू तळ्यात घातले, पण एक, फक्त एकच फटका असा बसला की चेंडू हवेत उंच गेला आणि ग्रीनवर अलगद उतरला. त्या एका फटक्याने माझा घात केला.

मग स्वतःचा सेट हवा. बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या चालतात (हा नियम अमेरिकेत १९३८ पासून आहे) आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास असतात आयर्न. म्हणजे खरा संसार त्यांच्यावरच चालतो. आणि आयर्न घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, ब्लेड की कॅव्हिटी बॅक?

ब्लेड म्हणजे पोलादाचा पातळ, देखणा, अखंड तुकडा. चेंडू बरोबर मधोमध लागला तर हातात लोणी. अर्धा इंच इकडेतिकडे झाला तर हाताला झिणझिण्या, आणि चेंडू तीस यार्ड अलीकडे पडतो. कॅव्हिटी बॅकला मागच्या बाजूने खोबण असते. मधलं वजन काढून कडेला आणि तळाला दिलेलं. दिसायला जाडजूड, पण चुकलेला फटकासुद्धा बऱ्यापैकी सांभाळून घेते.

जून २०२४ मध्ये पाइनहर्स्टला यूएस ओपन झाली. आमच्या घरापासून सव्वा तासावर. सरावाच्या दिवसाचं तिकीट काढून आम्ही दोघं-तिघं गेलो. ती स्पर्धा पुढे ब्रायसन डीशॅम्बोने जिंकली. हा पठ्ठ्या कॉलेजात फिजिक्स शिकलेला. त्याचे सगळे आयर्न एकाच लांबीचे! नेहमीच्या सेटमध्ये नंबर वाढेल तशी काठी साधारण अर्ध्या-अर्ध्या इंचाने आखूड होत जाते, ते याला मान्य नाही. शिवाय ते थ्री-डी प्रिंट केलेले, खास त्याच्या खेळासाठी. म्हणजे जगज्जेता माणूस आयर्न स्वतःच्या मापाने बनवून घेतो. आणि हे बघून मी काय शिकलो? काहीही नाही. घरी आलो आणि टायगर वुड्स वापरतो तसले ब्लेड मागवले. स्टिफ शाफ्ट, चार नंबरपासून पुढे अख्खा सेट. चौदाशे डॉलर. बायकोला आठशे सांगितले. (ती हे वाचत नाही अशी आशा आहे.)

माझं गणित सरळ होतं. आज खेळ कच्चा आहे, पण वाढेल. मग आत्ताच मोठ्या माणसाचे घेतले तर पुन्हा खर्च नको. कापूस कोंबलेल्या बुटांचंच गणित, फक्त डॉलरमध्ये.

खेळ काही वाढला नाही. आधी उसन्या काठ्यांनी ११० च्या आसपास खेळायचो, आता ११८-१२० व्हायला लागले. एकेका होलवर माझ्यामुळे तिघं ताटकळत उभे. मी झाडीत चेंडू शोधतोय आणि डायरेक्टर घड्याळ बघतोय हे दृश्य चार शुक्रवार चाललं. पाचव्या शुक्रवारी बोलावणं आलं नाही. कोणी काही बोललं नाही, पण माझ्या ग्रीन कार्डच्या कागदांवर त्याचीच सही लागणार होती, त्यामुळे मी ते बोलावणं न येणं फार मनाला लावून घेतलं. रात्री रात्री गॅरेजमध्ये आरशासमोर स्विंग करत बसायचो. चूक माझीच आहे, काठ्या तर टायगरच्या आहेत, असं पक्कं ठरलेलं.

२०२५ च्या मे महिन्यात आई-बाबा आले. आईला सुनेबरोबर दुकानं फिरायला मिळाली, बाबांचा मात्र वेळ जाईना. म्हणून एका शनिवारी त्यांना ड्रायव्हिंग रेंजवर घेऊन गेलो. बाबांनी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ३१ वर्षं काढली. आधी मोल्डिंगला, मग पॅटर्न शॉपला. बाकावर बसून त्यांनी माझे वीसेक फटके बघितले. काही गेले, बरेचसे सरपटले. मग उठले, माझ्या हातातला सात नंबर घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला, किल्लीने दोनदा टणटण वाजवलं.

"हे ओतीव न्हवं. घडीव हाय."

मी चाट! (काठीवर बारीक अक्षरात 'फोर्ज्ड' असं लिहिलेलंही होतं, ते मला नंतर दिसलं. पण बाबांनी चष्मा लावला नव्हता, हेही खरं.) मग त्यांनी रेंजवर भाड्याने मिळणारा एक जुना, ओरखडे पडलेला कॅव्हिटी बॅक उचलला. "ही ओतीव. मेणाची मूर्ती करायची, वर लेप द्यायचा, मेण वितळवून काढायचं आणि आत रस ओतायचा. मागं खोबण का ठेवली असंल?"

"वजन कडेला नेण्यासाठी."

"आणि कडेला वजन का?"

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. जावा लिहून पोट भरतो, पण डिग्री मेकॅनिकलची. म्हटलं, "मोमेंट ऑफ इनर्शिया. एम आर स्क्वेअर."

"ते तुझं काय असंल ते. इंजिनाचं फ्लायव्हील बघितलंस न्हवं? सगळं वजन कडेला. म्हणून धक्का बसला तरी चाक डगमगत नाही. ही बी तशीच. चेंडू कडेला लागला तरी फिरणार नाही लगेच." आणि मग अगदी साधेपणाने, "मग तुला ठाऊक हुतं तर ती दुसरी का घेतलीस?"

मी ते वाढत्या मापाचं गणित सांगितलं. वाटलं, खूश होतील. शेवटी शिकवण त्यांचीच. बाबा थोडा वेळ समोर उडणाऱ्या चेंडूंकडे बघत बसले.

"आम्ही वाढत्या मापाचं घेत हुतो ते पैसे नव्हते म्हणून. ते बरोबर हुतं म्हणून न्हवं. त्या बुटांनी तुझ्या टाचा सोलायच्या. रात्री तुझी आई खोबरेल लावायची. मला दिसत नव्हतं व्हय?"

परत येताना गाडीत आम्ही दोघंही फारसं बोललो नाही.

त्या रात्री मी जेवताना बाबांना कार्स्टेन सोल्हाइमची गोष्ट सांगितली. हा मूळचा नॉर्वेचा. मंदीच्या काळात इंजिनिअरिंग सोडून चपला-बूट दुरुस्त करायची वेळ आली, नंतर पुन्हा इंजिनिअर झाला आणि जनरल इलेक्ट्रिकमध्ये लागला. ऑफिसातल्या लोकांनी चौथा गडी हवा म्हणून बोलावलं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता, त्याआधी गोल्फ कधी खेळला नव्हता. चेंडू होलमध्ये ढकलणं जमेना, तेव्हा १९५९ मध्ये गॅरेजमध्ये स्वतःच पटर बनवला, वजन दोन्ही टोकांना ठेवून. त्याच्या 'पिंग' अशा आवाजावरून कंपनीचं नाव. पुढे हेच डोकं त्याने आयर्नला लावलं. म्हणजे आज कॅव्हिटी बॅक जगभर पसरले त्यामागे स्वतःला नीट जमत नाही हे कबूल करणारा एक माणूस आहे. बाबांना त्यातलं बूट दुरुस्तीचं तेवढं फार आवडलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं फिटिंगला गेलो. शंभर डॉलर आणि दीड तास. सगळ्यात आधी त्या माणसाने टेप काढून माझ्या मनगटापासून जमिनीपर्यंत माप घेतलं. "शिंपीच की!" बाबा एकदम खुलले. मग रडारसमोर फटके. माझ्या ब्लेडचा सात नंबर, दहा चेंडू. सगळ्यात लांबचा १४३ यार्ड, सगळ्यात जवळचा ९८. कॅव्हिटी बॅकचा सात नंबर, रेग्युलर शाफ्ट, दहा चेंडू. लांबचा १४८, जवळचा १३१. लांबच्या फटक्यात पाच यार्डांचा फरक, चुकलेल्या फटक्यात तेहतीस! आणि माझ्यासारख्याच्या खेळात चुकलेले फटकेच जास्त.

इथे एक गोम आहे, ती दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही. काठीवरचा नंबर हा नुसता शिक्का आहे. सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, किती असावा याचा कुठलाही नियम नाही. पूर्वी तो ३५ अंशांच्या आसपास असायचा, आता काही सेट २८ वर आलेत. म्हणजे जवळपास जुन्या पाच नंबरवर सात छापलंय! माझा ब्लेड ३४ अंशांचा, हा ३० चा. त्यामुळे लांबी वाढली त्यातलं थोडं श्रेय नुसत्या छपाईचं. लॉफ्ट फारच कमी आणि आपला स्विंग हळू असेल तर चेंडू सपाट जातो आणि ग्रीनवर न थांबता पलीकडे पळतो. म्हणून दहा चेंडूंमधला सगळ्यात लांबचा आकडा बघायचा नाही. दहाही कुठे पडले आणि पडून किती थांबले ते बघायचं. आणि अशा सेटमध्ये वेजचाही लॉफ्ट कमी असतो, तेव्हा त्याच्या आणि सँड वेजच्या मध्ये खड्डा पडतो, तिथे एक जास्तीची वेज लागते. तिचे पैसे धरूनच हिशेब करावा.

दुसरी गोष्ट 'लाय', म्हणजे काठी जमिनीशी कोणत्या कोनात बसते ते. काठीच्या तळाला टेप लावून फळीवरून फटके मारायला लावतात. माझा घासल्याचा डाग टाचेकडे आला. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाच्या हातात ती काठी फार उभी बसत होती, पुढचं टोक वर, म्हणून चेंडू डावीकडे. वर्षभर मी डावीकडे जातो म्हणून मनगटं बदलत होतो, आणि दोष होता दोन अंशांचा! अंश वाकवून मिळतात, मनगटं वाकवून नाही. शाफ्टचंही तेच. स्टिफ, रेग्युलर ही अक्षरं सगळ्या कंपन्यांत सारखी नसतात, तेव्हा अक्षर न बघता मारून बघावं.

ब्लेड सातशेला विकले. वापरलेले कॅव्हिटी बॅक सहा नंबरपासून पुढे ३६० डॉलरला घेतले, दोन अंश वाकवून. चार आणि पाच नंबर घेतलेच नाहीत, तिथे हायब्रिड. आता १०० च्या आसपास खेळतो. टायगर झालो नाही. शुक्रवारचं बोलावणं अजून आलेलं नाही, कागदांवर सही मात्र कधीच होऊन गेली होती. डायरेक्टरच्या ते डोक्यातही नव्हतं. रविवारी सकाळी मी एकटाच नऊ होलच्या कोर्सवर जातो आणि बरं चाललंय. (बायकोला खरी किंमत बाबांनीच सांगितली. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

ऑक्टोबरमध्ये आई-बाबा परत निघाले. आदल्या दिवशी भाच्यासाठी बूट घ्यायला गेलो. बाबांनी दुकानात शांतपणे सांगितलं, "एक नंबर मोठा दाखव."

मी म्हटलं, "बाबा! आता तरी मापाचे घ्या की!"

"पोराचा पाय वाढतोच लेका," बाबा म्हणाले, "तुझ्या खेळासारखं न्हाई त्ये."