गर्भपिशवीची घडण आणि सुनेच्या नावे खर्च

माताभगिनींनो, पाळी, गर्भपात हे शब्द आपल्या घरांत अजून दबक्या आवाजात बोलले जातात. पुरुषमंडळींनीही हे पान उलटू नये. मी बी.कॉम. झालेली कारकून, डॉक्टर नव्हे. पण महिला मंडळाच्या कामामुळे पंधरा वर्षे वस्तीतल्या बायांबरोबर सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभी राहते आहे. तिथे विचारून विचारून जे कळले ते सांगते.

मुलगी आईच्या पोटात दोन-तीन महिन्यांची असते तेव्हाच तिची गर्भपिशवी घडू लागते. दोन बाजूंच्या दोन नळ्या मध्ये येऊन जुळतात, मग मधला पडदा विरतो आणि एक पिशवी होते. जोड अर्धवट राहिला तर पिशवीला दोन शिंगे राहतात. मुळीच झाला नाही तर दोन पिशव्या. पडदा विरला नाही तर पिशवी आतून दुभागलेली. शंभर बायांत 5-6 जणींची घडण अशी वेगळी असते. गर्भपात झालेल्या बायांत हे प्रमाण 13 च्या आसपास जाते. कितीतरी जणींची बाळंतपणे सुखरूप होतात आणि त्यांना जन्मभर पत्ताही लागत नाही.

म्हणजे जे झाले ते तिच्या जन्माआधी झाले. पण घरोघरच्या जमाखर्चात ही रक्कम सुनेच्याच नावे पडते.

आमच्या गल्लीतल्या एका सुनेचे दोन गर्भ पाचव्या महिन्यात पडले. सासू म्हणे, "हंडे उचलते, ऐकत नाही." शेजारणीने कुणा भगताचा पत्ता दिला. गंडेदोरे घराबाहेर टाकून आपल्याला तीन पिढ्या झाल्या, तरी अशा वेळी ते मागच्या दाराने आत येतात! मी म्हटले, "मावशी, आधी सोनोग्राफी करू. मग कुणाचं ऐकायचं ते तुम्हीच ठरवा." तपासणीत दोन शिंगांची पिशवी निघाली. अशा पिशवीत बाळाला वाढायला, फिरायला जागा कमी. म्हणून बाळंतपण लवकर होते, बाळ पायाळू राहते. तिसऱ्या खेपेला दुसऱ्या महिन्यातच नाव नोंदवले. दर तपासणीला सासूच बरोबर गेली. आठव्या महिन्यात कळा आल्या, बाळ पायाळूच होते, सिझेरियन झाले. अठरा दिवस ते काचेच्या पेटीत होते. आता बालवाडीत जाते.

आतला पडदा दुर्बिणीने, पोट न फाडता कापता येतो. मात्र 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पडदा कापलेल्या बायांना मुले जास्त झाली असे दिसले नाही. अभ्यास लहान होता, ऐंशीएक बायांचा. डॉक्टरांतही एकमत नाही. तेव्हा ऑपरेशन सांगितले तर "का?" असे जरूर विचारा. आणखी एक, मूत्रपिंडेही त्याच सुमारास घडतात. पिशवी वेगळी निघाली तर मूत्रपिंडे दोन आहेत ना, हेही पाहून घ्यावे.

मला जास्त काळजी वाटते ती मुलींची. छाती भरली, पण पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी नाही. किंवा पाळी नाही आणि दर महिन्याला पोटात कळ येते, तर "येईल उशिरा" म्हणत बसू नका. कधी वाट बंद असल्याने रक्त आत साचते, ती ऑपरेशनने मोकळी करता येते. साधारण 5000 मुलींत एकीला गर्भपिशवी नसतेच, किंवा नावापुरती असते. बीजकोश मात्र ठीक असतात. ती पुरती मुलगीच असते. हे झाकून तिचे लग्न उरकणारे आईबाप मी पाहिलेत. सहा महिन्यांत मुलगी परत येते, आणि बदनामी तिची होते. आधीच सांगून जमलेले एक लग्नही पाहिले आहे. त्या जोडप्याने मूल दत्तक घेतले.

मे 2017 मध्ये पुण्यात, जन्मतः गर्भपिशवी नसलेल्या सोलापूरकडच्या तरुणीला तिच्या आईची पिशवी बसवली गेली. आपल्या देशातले ते पहिले असे ऑपरेशन. पण तो मोठ्या खर्चाचा मामला. आपल्याला आज गरज आहे ती वेळेवर केलेल्या एका सोनोग्राफीची. माझे ऑफिस शनिवारी बंद असते. कुणाला सोबत हवी असेल तर आदल्या दिवशी मंडळात निरोप ठेवा. केसपेपरच्या खिडकीवर सकाळी आठलाच उभे राहावे लागते.