काचेच्या पेटीतील पाकट

सुंदर वस्तू दृष्टीस पडली की ती आपल्या घरी असावी, अशी इच्छा माणसाच्या मनात सहज उत्पन्न होते. रानातले फूल फुलदाणीत येते, गाणारा पक्षी पिंजऱ्यात येतो आणि नदीतला मासा काचेच्या पेटीत पोहू लागतो. चिमुकल्या माशांनी ही हौस भागत नाही, तेव्हा मोठ्या जलचरांकडे नजर वळते. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला पाकट म्हणतात, त्याचे गोड्या पाण्यातील भाऊबंद अशा हौसेपायी दूरदूरच्या देशांत जाऊन पोहोचले आहेत. पाकट घरी पाळावा काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

ब्राझील देशात शिंगू नावाची नदी आहे. ती पुढे ॲमेझॉनला मिळते. या शिंगूच्या खोऱ्यात एक देखणा पाकट राहतो. त्याचे अंग थाळीसारखे वाटोळे व चपटे, रंग काळाभोर आणि त्यावर चांदण्यांसारखे पांढरे ठिपके. पोहताना त्याच्या कडा लाटेप्रमाणे हलतात. डोळे पाठीवर, तर तोंड पोटाकडे असते. वाळूत अंग झाकून तो स्वस्थ पडतो आणि डोळ्यांमागील छिद्रांतून पाणी आत घेऊन श्वास घेतो. त्याच्या सांगाड्यात हाडे नसतात. तो सारा लवचीक कूर्चेचा असतो. शेपटीवर मात्र करवतीसारखा विषारी काटा असतो. पाकट आपण होऊन कोणावर धावून जात नाही. परंतु चुकून पाय पडला, तर हा काटा असह्य वेदना देतो. म्हणून तेथील लोक काठीने तळ चाचपीत पाण्यात उतरतात. नदीकाठचा माणूस ज्याला भितो, त्याच्यासाठी शहरातला हौशी माणूस भरपूर पैसे मोजतो!

हौशी माणसाचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. पाकट निगराणीत राहू शकतो, त्याची पिलेही तेथे जन्मतात. मासे पकडून विकण्यावर नदीकाठची काही कुटुंबे पोट भरतात. शिवाय नदी तरी कोठे सुरक्षित राहिली आहे? शिंगूवरील बेलो मोंते येथील धरणावर २०१६ साली वीजनिर्मिती सुरू झाली आणि नदीच्या एका मोठ्या वळणातील पाणी ओसरले. मग पाकट घरात सुखरूप राहिला, तर बिघडले कोठे?

परंतु येथे थोडा हिशेब करणे अवश्य आहे. विकत मिळणारे पिलू हाताच्या पंजाएवढे असते. पुढे त्याची थाळी दीड फूट रुंद होऊ शकते, शेपटी निराळीच. घरातील नेहमीची पेटी तीन फूट लांब आणि जेमतेम एक फूट रुंद असते. जो प्राणी पेटीहून रुंद आहे, त्याने वळावे तरी कसे? तो खादाडही असतो. त्याच्या मलमूत्रातून पाण्यात अमोनिया साठतो. गाळणीतील सूक्ष्म जंतू या विषाचे रूपांतर करतात खरे, परंतु त्यांनाही वेळ व जागा लागते. वीज गेली, पंप थांबला, की थोड्या पाण्यात प्राणवायू अपुरा पडू लागतो. नदीला पंपाची गरज नसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाकट लाखो अंडी घालीत नाही; मादी एका खेपेस मोजक्याच पिलांना जन्म देते. नदीतून फार पाकट पकडले, तर ती उणीव लवकर भरून निघत नाही. म्हणूनच नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामा येथे भरलेल्या ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या बैठकीत शिंगूच्या पाकटाचा व त्याच्या काही भाऊबंदांचा व्यापार परवान्याच्या बंधनात आणण्याचे ठरले. आणि हौस फिटल्यावर त्याला सोडावे तरी कोठे? समुद्राचे खारे पाणी त्याला सोसत नाही. परक्या नदीत सोडणे हा त्या नदीवर अन्याय होय.

तेव्हा ज्याच्यापाशी ऐसपैस हौद आहे, पुरेसे ज्ञान आहे आणि वर्षानुवर्षे निगा राखण्याची चिकाटी आहे, त्याने रीतसर परवानगीने, निगराणीत जन्मलेला पाकट सांभाळला तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु अशी माणसे विरळाच. इतरांच्या घरी पाकट न येणे, यातच त्याचे कल्याण आहे. आवडत्या प्राण्याला काय हवे, हे आधी जाणून घ्यावे आणि ते देण्याचे सामर्थ्य नसेल, तर त्याला त्याच्या ठिकाणी राहू द्यावे. तेथे शिंगूच्या वाळूत तो अंग झाकून पडला असेल आणि त्याच्या पाठीवरून नदी वाहत असेल.