मतदारयादीतली आजी

लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनाला लागून लाल विटांची एक भव्य इमारत उभी आहे. ही ब्रिटिश लायब्ररी. येथे येणारे सगळेच काही ग्रंथ वाचायला येत नाहीत. कुणी आपला पणजोबा शोधायला येतो, तोही चक्क मतदारयाद्यांत!

१८३२ च्या सुधारणा कायद्याने इंग्लंडात मतदारांची नोंदणी सुरू झाली. तेव्हापासूनच्या याद्यांचा मोठा संग्रह येथे आहे. पण शोध सोपा नाही. शहरांच्या याद्या बहुधा आडनावांप्रमाणे नव्हे, तर वॉर्ड आणि रस्त्यांप्रमाणे लावलेल्या. म्हणजे पणजोबा हवा असेल, तर आधी त्याचा पत्ता हवा! एकदा घर सापडले, की एकेका वर्षाची यादी चाळत जायचे. मुलगा एकवीस वर्षांचा झाला, की नाव वाढते. एखादे नाव अचानक गळते. मृत्यू की स्थलांतर, हे मात्र दुसरीकडे पडताळावे लागते.

संसदेच्या मतदारांत पणजी १९१८ पूर्वी भेटतच नाही. त्या वर्षी तिशी ओलांडलेल्या काही स्त्रियांना मताचा हक्क मिळाला. पुरुषांची बरोबरी व्हायला १९२८ साल उजाडले.

आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत स्त्रियांना हक्क होता, अडचण नावाची होती. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. त्यांच्या नातवंडांनी ती यादी कितीही चाळली, तरी आजी सापडणार नाही.