दोन कंठ, एक गाणें

भक्तीचें आणि गाण्याचें नातें जितकें जुनें, तितकाच त्यांच्यामधला एक तंटाहि जुना आहे. नव्या पिढीनें देवाचें नांव नव्या चालीवर घेतलें कीं वडील माणसें विचारतात, "देवापुढें हा थाट कशाला?" आमच्या महाराष्ट्रांत रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनीं ख्रिस्ती उपासनेला अभंगाचा व कीर्तनाचा वेष चढविला. इंग्लंडांत मुक्तिफौजेच्या 'जॉयस्ट्रिंग्ज' या मंडळीनें १९६४ च्या सुमारास गिटार हातीं घेतली. लोकांच्या ओळखीची चाल घेतल्यानें भक्ति उणी होते काय, हा प्रश्न दोन्हीकडे एकच.

त्याचें एक गोड उत्तर आम्हांस माल्कम वाइल्ड व आल्विन वॉल या इंग्रज जोडीच्या पहिल्या गीतसंग्रहांत सांपडलें. हे दोघे आधीं बीट-संगीत वाजविणारे. मागाहून ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले, आणि १९७३ सालीं त्यांची 'फूल्स विज्डम', म्हणजे 'वेड्याचें शहाणपण', ही तबकडी निघाली. जग ज्याला वेडेपण म्हणतें त्यांतच ईश्वराचें शहाणपण असतें, हा विचार पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत आहे. आमच्या संतांनाहि जगानें वेडेच ठरविलें होतें; तेव्हां हें नांव आम्हांस परकें वाटलें नाहीं.

या गाण्यांत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला तो दोन आवाजांचा मेळ. आपल्या भजनांत टाळकरी बुवांचाच सूर उचलतात. येथें दोघे एकच ओळ एकाच वेळीं निरनिराळ्या स्वरांवर गातात. एकाचा स्वर वर, दुसऱ्याचा खालीं. मधलें अंतर राखलें म्हणूनच मेळ जमतो. एकानें आवाज चढविला तर तो बिघडतो, आणि दुसऱ्यानें आपला स्वर सोडून दिला तरीहि बिघडतो.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांनीं हें मनांत धरण्यासारखें आहे. सर्वांनीं वडिलांच्या स्वरांत स्वर मिळविला म्हणजे एकोपा झाला, अशी आपली समजूत असते. आमच्याच घरीं एका पुतण्यानें सायंकाळच्या आरतीला गिटारीची साथ करूं कां, म्हणून विचारलें. घरांतील वडीलधाऱ्यांस तें रुचलें नाहीं. तेव्हांपासून तो आरतीला नेमानें उभा राहतो, पण तोंड उघडीत नाहीं. शिस्त राहिली खरी. एक आवाज मात्र गेला.

वाद्यामुळें भक्ति उथळ होते असें म्हणणारांनीं या जोडीचा पुढील वृत्तांत पाहावा. १९७४ सालीं त्यांचा 'वाइल्डवॉल' हा दुसरा संग्रह निघाला. पुढें जोडी फुटली, आणि आल्विन यांनीं स्वतःची मंडळी जमवून १९७७ सालीं 'द प्राइझ' हा संग्रह काढला. परंतु कालांतरानें दोघेहि धर्मोपदेशक झाले. एकत्र गाणें थांबलें तरी ज्यासाठीं गात होते तें कोणींच सोडलें नाहीं. उथळ भक्ति इतकी टिकत नसते.

घरोघरीं गिटारी आणाव्या, असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र घरांतलें मूल देवापुढें कांहीं आणूं पाहत असेल, तर तें काय आहे हें वडिलांनीं एकदां तरी ऐकून घ्यावें. आमच्या पुतण्याची गिटार अजून खोळींत आहे. तिची साथ आरतीला कशी वाटते, हें घरांतल्या कोणालाच ठाऊक नाहीं.