रक्त कमी आहे, पण का?

मामांचं हिमोग्लोबिन सात. चार महिने लोहाच्या गोळ्या, खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे, सगळं चालू होतं. आकडा काही हलेना. आम्ही म्हणायचो, सत्तरीत एवढं चालायचंच. वीस वर्षं बातम्यांत काढलेला मीही त्यातलाच, हे कबूल करतो.

मग अंगावर निळे डाग उठले. तेव्हा कुठे मी सीबीसीचा जुना कागद नीट वाचला. पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेटही कमी. पहिल्याच रिपोर्टात छापलेलं होतं. नुसतं लोह कमी असलं तर तिन्ही पेशी सहसा एकदम घसरत नाहीत.

पुण्यात आधी बी-१२ तपासलं. त्याच्या कमतरतेतही असंच चित्र दिसतं, आणि ती इंजेक्शनने भरून निघते. ते ठीक निघालं. मग कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं: मज्जा हा रक्ताचा कारखाना. कारखाना ओस पडला तर अप्लास्टिक ॲनिमिया. कारखाना चालू, पण माल सदोष, तर एमडीएस. मामांना एमडीएस.

लक्षणं सारखी, उपचार वेगळे. अप्लास्टिकमध्ये एटीजी, सायक्लोस्पोरिन. पेशंट तरुण आणि भावंडाची मज्जा जुळली तर प्रत्यारोपण. एमडीएसमध्ये ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी किती आणि गुणसूत्रांत बिघाड कुठला, हे बघतात. पाचव्या गुणसूत्राचा ठरावीक तुकडा नसेल तर लेनालिडोमाइडच्या गोळ्या. जोखीम जास्त असेल तर ॲझासिटिडिनची इंजेक्शनं. ब्लास्ट २० टक्क्यांवर गेल्या की तो ब्लड कॅन्सर, ल्युकेमिया.

मामा कमी जोखमीच्या गटात. पण दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. ज्यांना आम्ही चार महिने लोह चारलं, त्यांना आता लोह उतरवायच्या गोळ्या चालू होतील. काय बोलायचं!

मंडळी, घरात कुणाला रक्तवाढीच्या गोळ्या चालू असतील तर आज तो कागद काढा. हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळीही वाचा. महिना-दीड महिन्यात फरक नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, "रक्त कमी आहे, पण का?" विचारण्यात उद्धटपणा नाही.

मामा परवा म्हणाले, "अरे, तुझ्या पेपरात छाप की हे." पेपरात जागा मिळेल तेव्हा मिळेल. म्हणून आधी इथे.