खोटे मरण

आमच्या आजीच्या काळी कुणाला कावळ्यांची जोडी नको त्या अवस्थेत दिसली, की त्याच्या मरणाची खोटी खबर नातलगांकडे धाडीत. चार माणसे रडली म्हणजे अपमृत्यू टळतो, अशी समजूत! लबाडी खरी, पण माणूस जगावा म्हणून केलेली.

हे आठवण्याचे कारण माझीच एक फजिती. २०२२ सालच्या नोव्हेंबरात एके रात्री विक्रम गोखले गेल्याची बातमी फोनाफोनी आमच्या आर्णीपर्यंत येऊन थडकली. 'बॅरिस्टर' नाटकाविषयी वर्गात बोलताना मी नेहमी त्यांचे नाव घेई. त्यातून मराठीचा प्राध्यापक; मागे राहीन कसा? नाट्यप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटावर सर्वांआधी श्रद्धांजली माझी! भाषा अगदी अलंकारिक. शाबासकीही मिळाली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरच्यांनी सांगितले, ते हयात आहेत. उपचार चालू आहेत. मी मजकूर गुपचूप पुसून टाकला. पुढे २६ नोव्हेंबरला ते पुण्यात खरोखरच गेले, तेव्हा माझ्यापाशी एक शब्द शिल्लक नव्हता. सारे आधीच उधळून बसलो होतो.

२०२४ च्या फेब्रुवारीत पूनम पांडे या नटीने कर्करोगाने आपण मेल्याची बातमी पसरवली आणि दुसऱ्याच दिवशी 'मी जिवंत आहे' म्हणून जाहीर केले. रोगाविषयी जागृती करायची होती म्हणे! मी तावातावाने बोलू लागलो. सौ. शांतपणे म्हणाली, "अहो, तिने निदान स्वतःला मारलं. तुम्ही दुसऱ्याला!"

तेव्हापासून श्रद्धांजली लिहिण्यापूर्वी मी एक रात्र थांबतो. गेलेल्या माणसाला घाई नसते.