आठ पाऊण सहा

बारा मिनिटांची फिल्म करताना झाली नाहीत एवढी भांडणं तिच्या सत्तर सेकंदांच्या ट्रेलरवरून झाली. करणारी मुलं रत्नागिरीत शिकणारी, कॅमेरा म्हणजे दोन फोन, आणि जागा मांडवीचा किनारा. सोबत मोठं माणूस हवं म्हणून मला नेलं होतं. प्रत्यक्षात काम होतं थर्माकोलची शीट उन्हात तिरकी धरून उभं राहण्याचं.

फिल्मची गोष्ट मे अखेरची. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. त्याआधीच्या शेवटच्या फेरीवर गेलेला बाप आणि किनाऱ्यावर त्याची वाट बघणारा मुलगा, एवढंच कथानक. ट्रेलर लागणार होता महोत्सवांना पाठवायला आणि पुढच्या फिल्मसाठी कुणी चार पैसे देईल का हे बघायला. ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली वाटाण्याचं बी रुजून रोप वाढतं त्याचं महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण केलं आणि ती चिमुकली फिल्म भांडवलदारांना दाखवली. ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्यामागे तो वाटाणाही होता. विद्यार्थ्यांच्या कामाला कोण विचारतो, असं म्हणणाऱ्यांना ही मुलं नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाचं नाव ऐकवत. तो त्यांनी अहमदनगरला शिकताना केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

फोनवर चित्रीकरण सोपं, हा समज घरातल्या पहिल्याच प्रसंगात खोटा ठरला. ट्यूबलाइटखाली घेतलेल्या दृश्यावर काळसर पट्टे सरकत होते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. फोन मात्र सेकंदाला ३० फ्रेम घेत होता. २५ फ्रेम आणि शटर १/५० केल्यावर पट्टे गेले. त्यापेक्षा चिवट दुखणं आवाजाचं. फोन प्रकाश बघून फ्रेमचा वेग गुपचूप थोडा बदलतो, त्यामुळे खिशातल्या दुसऱ्या फोनवर टिपलेला संवाद सुरुवातीला ओठांशी जुळतो आणि लांब शॉटच्या शेवटी मागे पडतो. सगळ्या क्लिपा ‘हँडब्रेक’ या सॉफ्टवेअरमधून काढून एका वेगाच्या करून घेतल्या, तेव्हा बाप आणि त्याचे शब्द एका वेळी बोलू लागले.

आणि समुद्र! दर कटला लाटेचा आवाज बदलायचा. दोन वाक्यांत वेगवेगळे समुद्र. शेवटी एकानं फोन टॉवेलात गुंडाळून वाऱ्याच्या आडोशाला ठेवला, नुसती गाज सलग टिपली आणि ती सगळ्या संवादांखाली पसरली.

खरा पेच संकलनाच्या टेबलावर कळला. संकलन करणारी मुलगी नेटकी होती. बाप निघतो आणि मुलगा पाण्याकडे धावतो, हे फिल्ममध्ये चार मिनिटांच्या अंतरावरचे दोन शॉट तिनं ट्रेलरमध्ये लागून ठेवले. पहिल्यात काळी वाळू लांबवर उघडी, दुसऱ्यात पाणी अगदी वर चढलेलं. दोन्ही संध्याकाळी सहाच्या सुमाराचे. पण एक अमावास्येचा, दुसरा अष्टमीचा. फिल्ममध्ये कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जेटीवर गळ टाकून बसलेल्या काकांना मुलांनी विचारलं, तर ते हसलेच. ‘‘अष्टमी म्हणजे आठ पाऊण सहा. सहाला भरती पुरी. आधी विचारायचंत की!’’ तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हा कोकणातला पाठ हिशेब. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि भरती त्याच्यामागून सरकते, म्हणून तो जुळतो. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे साडेपाचच्या आसपास ओहोटी. त्या संध्याकाळी मुलगा पुन्हा धावला, यावेळी ओल्या वाळूवरून. आधी वरून ड्रोन फिरवायचाही बेत होता. पण रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाचा. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार नकाशा बघून परवानगी काढण्यापेक्षा थर्माकोल बरा, असं ठरलं. मला विचारलं नव्हतं.

मग अक्षरं. सुरुवातीला ‘मिऱ्या’ असं गोष्टीतलं ठिकाण दाखवायचं होतं, तर पडद्यावर ऱ्या तुटून हलन्त आणि या वेगळे उभे राहिले. ‘रत्नागिरी’ची वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटली. परदेशी बनावटीच्या अनेक साधनांना जोडाक्षर म्हणजे काय हे अजून नीट ठाऊक नाही, आणि मराठीतला तो डोळ्याच्या पापणीसारखा र तर हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या काही फॉन्टांतही नसतो. मुलांनी ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फुकट मिळणारा फॉन्ट घेतला, पाटी दुसरीकडे तयार केली आणि पार्श्वभूमी पारदर्शक ठेवून ती चित्रावर चिकटवली.

पहिल्या कच्च्या ट्रेलरमध्ये बापाची बोट परतते ते दृश्यही होतं. दिग्दर्शक म्हणे, सगळ्यात सुंदर शॉट तोच. संकलक म्हणाली, ‘‘मग फिल्म कशाला बघतील?’’ दोन दिवस अबोला. माझं मत तिच्या बाजूनं होतं आणि मी ते सांगितलंही, त्यामुळे अबोला माझ्याशीही. शॉट गेला.

उभ्या पडद्यासाठी वेगळी आवृत्ती करताना मात्र सगळेच खिंडीत सापडले. आडव्या चौकटीतून उभी कापली की रुंदीचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. एका कडेला बाप आणि दुसऱ्या कडेला मुलगा असलेला जेटीचा शॉट कापल्यावर उरला नुसता समुद्र. अखेर चौकटीचे वर-खाली दोन भाग करून वर बाप, खाली मुलगा बसवला. मूळ शॉटपेक्षा तो जास्त बोलका झाला असं माझं मत. दिग्दर्शकाला ते अजून पटलेलं नाही. तयार फाइल घरोघरी व्हॉट्सअॅपवर गेली. साधा व्हिडिओ म्हणून पाठवलेली दाबली जाऊन धूसर होत होती, म्हणून ग्रुपवर ठळक अक्षरांत सूचना पडली : डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि आजीला हेडफोन लावून द्या.